चाळीस म्हणजे पाणी

बाबा राजाराम बंधाऱ्यावर पट्टी वाचायचे.
पाटबंधारे खात्याचं रजिस्टर, निळं पेन,
आणि मागच्या पुठ्ठ्यात खोचलेला
हिब्रू अक्षरांचा एक कागद,
कुण्या निवृत्त पाळकाने दिलेला, घडीवर फाटत आलेला.

त्या लिपीत आकडे वेगळे नसतात, म्हणायचे,
अक्षरंच मोजतात.
मेम म्हणजे पाणी, मेम म्हणजे चाळीस,
म्हणून नोहाचा पाऊस चाळीस दिवस.
नून म्हणजे मासा, नून म्हणजे पन्नास.
"आणि आपल्या नदीला कुणी शिकवलं गं हे?
एकोणचाळीसला इशारा,
चाळिसाच्या पुढं कधीतरी मच्छिंद्री,
पुलाच्या कमानीत पाण्याचा मासा होतोय."

मी विचारलं, आणि त्रेचाळीस?
ते पट्टीकडे बघत राहिले.
"त्रेचाळीसला अर्थ न्हाई.
त्रेचाळीस झालं की सामान उचलायचं."

शाळेत हजेरी झाली: रूथ हनोख सातपुते.
मागच्या बाकावरून कुणीतरी,
सात पुतं कुठं हाईत?
सात कुठले, मी एकटीच.
घरी येऊन दप्तर भिरकावलं.
बाबांनी शास्त्र उघडलं नाही, पानं पाठ होती.
बेथलेहेम, म्हणजे भाकरीचं घर,
तिथल्या बायका नामी म्हातारीला म्हणाल्या,
ही सून तुला सात मुलग्यांहून बरी.
"ती रूथ. आपलं आडनाव
तुझीच वाट बघत बसलं हुतं, पिढ्यान्‌पिढ्या."

आणखी एक सांगितलं, सायकलला तेल घालता घालता.
अब्रामाच्या नावात देवाने एक ह घातला,
नुसता श्वास,
नव्याण्णवाव्या वर्षी, आणि तो अब्राहाम झाला.
"आता तुझ्या सातात ह घाल बघू."
मी बोटाने हवेत घातला.
त-मध्ये ह. थ.
साथ.
रूथचा अर्थ तोच, म्हणाले, सोबतीण,
आणि चेन फिरवून बघितली.

आईचं नावही नामीच.
मराठीत झकास, हिब्रूत गोड,
दोन्हीकडून सुटका नाही.
बाबांना सीपीआरमधून घरी आणलं त्या दिवशी
ती दारात बसून म्हणाली,
मला नामी म्हणू नका आता. मारा म्हणा.
मारा म्हणजे कडू,
हे त्या गर्दीत फक्त पाळकांना ठाऊक, आणि मला.
शेजारच्या अनुसाक्का दचकल्या,
"कुणाला मारायचं गं बाई?"
आणि आई हसली.
पदर तोंडावर धरून, रडण्याच्या ऐन मधोमध
हसली.
शास्त्रात ही ओळ नाही.

मी शाहूपुरीत गुळाच्या सौद्यात वजनं लिहिते.
तीस किलोचा रवा.
तीस म्हटलं की बाबांचा चेहरा उतरायचा,
त्यांना चांदीची नाणी दिसायची.
मला गूळ दिसतो. मी लिहिते, पुढच्या ढिगाकडे जाते.

पातळी आता फोनवर येते, तासातासाला.
तरी ऑगस्टात एकदा
आईला रिक्षात घालून बंधाऱ्यावर नेते.
काठावरची माणसं पाण्याचे फोटो काढत असतात.
ती चष्मा पुसते, पट्टी तिला दिसत नाही.
किती?
चाळीस फूट, दोन इंच.
चाळीस म्हणजे पाणी, ती म्हणते,
एवढं मलाबी येतंय. दोन म्हणजे?

कागद आता प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो.
वाऱ्याकडे पाठ करून मी तो उलगडते.
दुसरं अक्षर, बेथ.
घर.

ती थोडा वेळ गढूळ पाण्याकडे बघते,
मग रिक्षाकडे वळते.
"चल तर," म्हणते,
"सामान उचलू."